माळ, हिशेब आणि मत: खान्देशातल्या एका गावाने उमेदवाराची श्रद्धा कशी तपासली

पार्श्वभूमी

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या सीमेकडच्या कापूसपट्ट्यातलं हे गाव. गावाचं, मतदारसंघाचं आणि पक्षांचं नाव इथे दिलेलं नाही, निवडणुकीचं वर्षही मुद्दाम टाळलं आहे, आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. प्रश्न कोणते पडले आणि निर्णय कसे झाले, ते मात्र तसंच ठेवलं आहे. आम्ही काही जण तालुक्यात मतदार जागृतीचं काम करतो. या गावातल्या महिला बचत गटाने विधानसभा निवडणुकीच्या वेळी आम्हाला बोलावलं आणि बैठकांच्या नोंदी माझ्याकडे राहिल्या.

गाव मुख्यतः वारकरी. काही घरं महानुभावांची, एका बाजूला मुस्लिम मोहल्ला, नाल्यापलीकडे भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती. श्रावणात कानबाई देवी बसते, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी येतात. अमळनेरला सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा गाव चुकवत नाही. मुक्ताईनगरहून आषाढीसाठी मुक्ताबाईंची पालखी निघते आणि महिनाभर चालत पंढरपूरला पोचते. या गावाची स्वतःची दिंडीही दर वर्षी जाते. निवडणूक लागली तेव्हा कार्तिक चालू होता. पहाटे काकडा, दिवसभर कापूस वेचणी, रात्री सप्ताहाचं कीर्तन, आणि त्यातच प्रचाराच्या गाड्या.

गावाच्या दृष्टीने उमेदवार तीन. पहिले अप्पा, अपक्ष. गळ्यात तुळशीची माळ, दिंडीचे चालक, सप्ताह समितीचे प्रमुख, आणि बरीच वर्षं गावच्या विकास सोसायटीचे, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचे, चेअरमन. दुसरे सर, कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. ते देवळात जात नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. तिसरे एका मोठ्या पक्षाचे, पैसा आणि यंत्रणा असलेले. ते गावात दोनदा आले, दोन्ही वेळा मारुतीला नारळ फोडून निघून गेले.

प्रश्न कसा उभा राहिला

अप्पांच्या प्रचाराचं पहिलं वाक्यच असं होतं: "मी वारकरी आहे, माझ्या हातून पाप होणार नाही." ते वाक्य बायकांना भावलं, आणि त्यामागे कारणही होतं. शहरातून पाहणाऱ्याला माळ म्हणजे एक खूण वाटते. गावात माळ म्हणजे पाळलेले नियम असतात आणि ते पाळले जातात की नाही हे शेजारी रोज बघत असतात. दारू नाही, मांसाहार नाही, एकादशीचा उपास, वर्षाची वारी. ज्या बाईच्या घरातला निम्मा पगार दारूत जातो, तिच्यासाठी "हा माणूस पीत नाही" ही मोठी, उपयोगाची आणि खात्रीची माहिती असते. म्हणून या बायकांना भाबड्या म्हणणं मला कधीच पटलं नाही. माळेवर त्यांचा विश्वास होता तो पाहून, तपासून बसलेला होता. अडचण एवढीच होती की माळ ज्या गोष्टींची हमी देते त्या गोष्टी आमदाराच्या कामाचा फार लहान भाग आहेत.

गटाच्या अध्यक्षा जिजी. नवरा गेल्यावर शेती त्यांच्या नावावर झाली, त्यामुळे त्या सोसायटीच्या सभासद. पहिल्या बैठकीत त्या म्हणाल्या, माळ घातलेल्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? त्यावर गटातली सर्वात तरुण बाई, नर्सिंगचं शिक्षण अर्धवट सुटलेली, म्हणाली की मग सरांना फक्त देवळात जात नाहीत म्हणून नाकारायचं का? बैठक तिथे अडली. काही बायका गप्प बसल्या. त्यात मोहल्ल्यातल्या भाभीही होत्या.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश फिरला, धर्माच्या माणसाला मत द्या आणि नास्तिकाला पाडा असा. आणि सरांनी उमेदवारी अर्ज भरल्यावर देवाच्या नावाने शपथ घेतली नाही, अशी चर्चा चावडीवर सुरू झाली.

कायदा काय म्हणतो

शपथेची गोष्ट सगळ्यात आधी मिटवावी लागली, कारण त्यात सरांवर सरळ अन्याय होत होता. विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला संविधानाच्या अनुच्छेद १७३ प्रमाणे अर्ज भरल्यावर शपथ घ्यावी लागते. तिसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्यात दोन पर्याय आहेत: "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" किंवा "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो". दोन्हींचं वजन सारखं. सरांनी दुसरा पर्याय निवडला होता, एवढंच. मजकुराचा कागद बैठकीत वाचून दाखवल्यावर जिजींनी तो मागून घेतला आणि चावडीवर नेऊन दाखवला. कुजबुज पूर्ण थांबली नाही, पण "शपथच घेतली नाही" हे वाक्य बंद झालं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशाचं प्रकरण गंभीर होतं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२३(३) नुसार उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणी धर्माच्या आधारावर मत मागणं, किंवा त्याच आधारावर दुसऱ्याला मत देऊ नका सांगणं, हे भ्रष्ट आचरण ठरतं. धार्मिक चिन्हांचा प्रचारासाठी वापरही त्यात येतो. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने अभिराम सिंह प्रकरणात चार विरुद्ध तीन मतांनी हा अर्थ आणखी रुंद केला. आवाहन उमेदवाराच्या धर्माचं असो की मतदाराच्या, दोन्हीला बंदी. त्याआधी पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने प्रचार झाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने निवड रद्द केली होती आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. अशी निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात करावी लागते.

माळ घालणं, वारी करणं, वारकरी म्हणवून घेणं हा कुठलाही गुन्हा नाही, हेही तितकंच ठामपणे सांगावं लागलं. उमेदवाराला श्रद्धा असू शकते आणि ती तो सांगूही शकतो. श्रद्धेच्या नावाने मत मागितलं की कायदा आड येतो. अप्पांचं ते पहिलं वाक्य या रेषेच्या नेमकं कुठे पडतं यावर आमच्यातच एकमत झालं नाही. संदेशाबद्दल मात्र कुणालाच शंका नव्हती. अप्पांना तो दाखवला तेव्हा त्यांनी तो आपल्या माणसांचा नसल्याचं सांगितलं आणि ग्रुपवर तसं लिहिलंही. हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

कोणते मार्ग समोर होते

बायकांनी जे मार्ग मांडले ते त्यांच्याच भाषेत चार होते. पहिला, माळेवर विश्वास ठेवून मत द्यायचं. दुसरा, देवाधर्माचा विषयच बाजूला ठेवायचा, कामाचं बघायचं. तिसरा, तिघांनाही नाकारून नोटा दाबायचा. तो चटकन मागे पडला, कारण बायकांना कुणीतरी हवं होतं. चौथा मार्ग गटातल्या निवृत्त अंगणवाडी सेविकेने मांडला आणि पुढचं सगळं त्यातून निघालं. ती म्हणाली, अप्पा स्वतःच सांगतात ना की देवाला भितो, मग देवाच्या भीतीने त्यांनी आजवर काय सोडलं ते विचारू.

मला वाटतं या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वात शहाणा क्षण होता. श्रद्धा खरी की दिखाऊ, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही. कुणाच्या मनात डोकावून मत देता येत नाही. पण श्रद्धेने माणसाला कुठे थांबवलं, कुठला फायदा सोडायला लावला, कुठल्या माणसासाठी झीज सोसायला लावली, याच्या खुणा उरतात. त्या शोधता येतात. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, हे या भागात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपूरला उपोषण केलं ते विठ्ठलाचं मंदिर दलितांसाठी उघडावं म्हणून. सेविकेने तेच उदाहरण दिलं. त्यांची विठ्ठलावरची भक्ती किती खरी होती हे कुणी त्यांना विचारायला गेलं नाही, कारण त्या भक्तीपायी त्यांनी काय पणाला लावलं ते दिसत होतं.

एका बाईने आक्षेप घेतला की हे माप वापरायचं तर ते सगळ्यांना लावलं पाहिजे. सर देव मानत नाहीत, मग जे काही मानतात त्यापायी त्यांनी काय सोडलं? हा आक्षेप रास्त होता आणि तो स्वीकारला गेला.

काय केलं

सुरुवात कागदांपासून झाली. प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं: प्रलंबित आणि शिक्षा झालेले गुन्हे, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न, शिक्षण. ही शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. तरुण बाईने तिघांचीही छापून आणली. अप्पांवर एकही गुन्हा नव्हता, सरांवरही नव्हता. तिसऱ्या उमेदवाराची मालमत्तेची यादी वाचतानाच बैठक संपली. नमुन्यात धर्माचा रकाना नाही हे एकीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, बरंच झालं, तो भरायला सगळ्यात सोपा असता.

नंतर सप्ताह समितीचा हिशेब. तो शोधावा लागला नाही. देवळाच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर वर्षानुवर्षं तो लिहिला जातो: वर्गणी, अन्नदानाचा खर्च, कीर्तनकारांचं मानधन, शिल्लक. तेलाच्या डब्यांचा आकडासुद्धा. पावत्यांची फाइल अप्पांच्या घरी, कुणीही मागावी. समितीची नोंदणी धर्मादाय कार्यालयात, हिशेबपत्रकं वेळेवर गेलेली. बायकांना अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा होता.

मग जिजींनी सोसायटी काढली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेचा शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क आहे. सोसायटीच्या सचिवाने दोनदा फिरवलं, तिसऱ्या खेपेला वही दाखवली. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात सलग तीन वर्षं एकच वाक्य होतं, शब्दही न बदलता: लेखापरीक्षण अहवालाची नोंद घेऊन दोषदुरुस्ती अहवाल पाठविण्याचे सर्वानुमते ठरले. म्हणजे लेखापरीक्षकाने दाखवलेले दोष तीन वर्षं दुरुस्त व्हायचे राहिले होते. पण जिजींची नजर दुसऱ्याच पानावर खिळली. हजेरीच्या पानावर त्यांच्या नावापुढे सही होती. त्या सभेला त्या कधी गेल्याच नव्हत्या. खाली आणखी बायकांच्या सह्या, सगळ्या एकाच वळणाच्या, "ई"ची वेलांटी एकसारखी.

त्या रात्रीची बैठक फार वेळ चालली. जिजी चिडलेल्या नव्हत्या, त्या दुखावल्या होत्या. त्यांनी अप्पांबरोबर वारी केलेली.

सप्ताहाच्या मंचाचा निर्णय

कीर्तनाच्या शेवटच्या दिवशी अप्पांना मंचावर बोलावून सत्कार करायचा, असं काही तरुण कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. आदर्श आचारसंहितेनुसार प्रार्थनास्थळं प्रचाराचा मंच म्हणून वापरता येत नाहीत. समिती अप्पांचीच, मंडप त्यांनीच उभा केलेला. अशा वेळी नाही कोण म्हणणार? बाहेरगावचे कीर्तनकार महाराज स्वतःच म्हणाले की अप्पांनी टाळ घेऊन उभं राहावं, दर वर्षी राहतात तसं, पण माईक नको आणि हार नको. अप्पांनी ऐकलं. पांढरा सदरा, कपाळी बुक्का, गर्दीत तिसऱ्या रांगेत ते टाळ धरून उभे राहिले. त्या रात्री गावात त्यांचा मान वाढला, आणि तो योग्य कारणासाठी वाढला.

बाजारओट्यावरचे प्रश्न

गटाने तिन्ही उमेदवारांना प्रश्न विचारायला बोलावलं. मारुतीचा पार सोडून बाजारओटा निवडला, देवळापासून लांब. तिसरे उमेदवार आले नाहीत. सर आणि अप्पा वेगवेगळ्या संध्याकाळी आले.

सरांना एका म्हातारीने विचारलं की तुम्ही देव मानत नाही तर तुम्हाला भीती कुणाची? सर म्हणाले, तुमची, कारण मला इथेच राहायचं आहे. उत्तर आवडलं, पण पुढचे प्रश्न त्यांना जड गेले. पंचायत समितीचे सदस्य असताना त्यांनी भिलाटीच्या पाण्यासाठी एक अर्ज दिला होता आणि त्याचा पाठपुरावा केला नव्हता. शिवाय जुन्या एका भाषणात त्यांनी कानबाईची थट्टा केली होती. एकीने ती आठवण करून दिली तेव्हा ते उसळून अंधश्रद्धेवर बोलू लागले. ज्या सणाला वर्षातून एकदा अख्खी भाऊबंदकी एका घरात रोट खायला जमते, ज्या रात्री बायकांना जागण्याचा आणि गाण्याचा हक्क असतो, त्याची थट्टा करणाऱ्याला आपलं मन कळेल का, हा बायकांचा प्रश्न होता. सरांना तो ऐकूच आला नाही. देव न मानणाऱ्या माणसालाही दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान ठेवता आला पाहिजे, नाहीतर तो त्यांचा प्रतिनिधी होऊ शकत नाही.

अप्पांना जिजींनीच विचारलं. त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि अहिराणीत बोलल्या: "अप्पा, तुमनी माळ आमले दखास, पन सोसायटीना हिशोब काब्र दखात नही?" (तुमची माळ आम्हाला दिसते, पण सोसायटीचा हिशेब का दिसत नाही?) ओट्यावर शांतता पसरली. अप्पा थोडा वेळ थांबून म्हणाले, "जिजी, देवना पैसा तो देवना. सोसायटी सरकारनी शे, तठे राजकारन ऱ्हास." (देवाचा पैसा तो देवाचा. सोसायटी सरकारची आहे, तिथे राजकारण असतं.) सह्या सचिव घेतो, आपण बघत नाही, असंही ते म्हणाले.

मी अप्पांना ओळखतो आणि त्यांची श्रद्धा खरी आहे असं मनापासून मानतो. म्हणूनच हे उत्तर महत्त्वाचं वाटतं. त्यात लबाडी नव्हती. त्यांच्या मनात देवाचं एक आवार होतं, तिथे तेलाच्या डब्याचाही हिशेब होता. त्या आवाराबाहेर जिजींची खोटी सही चालत होती. आमदार झाल्यावर त्यांच्या हाती येणारा सगळा पैसा, सगळी माणसं या आवाराबाहेरचीच असणार होती.

दुसरा प्रश्न दारूचा. प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात हायवेवरच्या ढाब्यावर अप्पांच्या काही कार्यकर्त्यांनी पोरांना पार्ट्या दिल्या होत्या. एका आईने विचारलं, "आमना पोरेसले दारू कोन पाजी राहिनं?" अप्पांचा चेहरा पडला. त्यांना माहीत नव्हतं असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन कार्यकर्त्यांना प्रचारातून काढलं. उशिरा का होईना, श्रद्धेने त्यांना इथे काहीतरी सोडायला लावलं, आणि बायकांनी ते लक्षात ठेवलं.

आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटोसह तक्रार करावी का, यावर बायकांमध्ये वाद झाला होता. तक्रार झाली असती तर ढाब्यावर सापडली असती ती यांचीच पोरं. तक्रार केली गेली नाही. त्या आयांच्या जागी बसून मी हा निर्णय चुकीचा म्हणू शकत नाही.

उलट बाजूने आलेली शपथ

मतदानाच्या दोन रात्री आधी तिसऱ्या उमेदवाराची माणसं घरोघर गेली. पाकीट हातात दिलं आणि कानबाईच्या फोटोवर हात ठेवायला लावून मताची शपथ घेतली. सकाळी गटातल्या दोन बायका रडत जिजींकडे आल्या. पैसे घेतले, आता शपथ मोडली तर मुलाबाळांवर येईल का?

उमेदवाराच्या श्रद्धेवर भरवसा ठेवावा का, याची आम्ही इतके दिवस चर्चा करत होतो. तिसरे उमेदवार तेवढ्यात मतदारांच्या श्रद्धेवर पूर्ण भरवसा ठेवून मोकळे झाले होते. या बायका दिलेला शब्द पाळतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्याचीच त्यांनी किंमत लावली. पैसे देऊन मत मागणं कलम १२३ प्रमाणे लाचखोरी. दैवी कोपाची भीती घालणं हा त्याच कलमात अनुचित प्रभावाचा प्रकार. पण त्या सकाळी कलम सांगून भीती जाणार नव्हती. जिजींनी त्यांना कीर्तनकार महाराजांकडे नेलं. ओसरीवर बसून महाराजांनी सांगितलं की धाकाने आणि पैशाने घेतलेली शपथ देवाला पोचत नाही, पाप लागलंच तर घेणाऱ्याला लागेल. बायकांचा जीव भांड्यात पडला. श्रद्धेतून आलेली भीती श्रद्धेतल्याच अधिकारी माणसाने काढली. आमच्यापैकी कुणाला ते जमलं नसतं.

निष्पत्ती

गटाने सामूहिक निर्णय जाहीर केला नाही. मत गुप्त आहे आणि ते तसंच राहावं, हे ठरवून केलं. मतदारसंघात तिसरे उमेदवार निवडून आले. गावच्या केंद्रावर अप्पांना सर्वाधिक मतं पडली, पण त्यांच्या लोकांनी धरली होती त्यापेक्षा बरीच कमी. सर तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

खरा बदल सोसायटीत झाला. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. पुढच्या सभेला बायका पहिल्यांदा स्वतः गेल्या आणि हजेरीच्या पानावर आपल्या हाताने सह्या केल्या. जिजींनी लेखापरीक्षण अहवाल मोठ्याने वाचायला लावला. अप्पांनी तो स्वतः वाचला, दोषांसकट, आणि दोषदुरुस्ती अहवाल त्याच महिन्यात गेला. जुन्या सह्यांची चौकशी मात्र झाली नाही. जिजींनी उपनिबंधकांकडे अर्ज करायचा विचार केला होता, घरच्यांनी थांबवलं. अप्पा आजही दिंडी नेतात आणि गटातल्या काही बायका त्यांच्यासोबत चालतात.

काय वेगळं करता आलं असतं

भाभींचा प्रश्न. त्यांना विचारायचं होतं की देवळाच्या वाटेवर दिवे लागले, कब्रस्तानच्या वाटेवर का नाही, आणि अप्पांची श्रद्धा आमच्यापर्यंत पोचते का. तणाव वाढेल म्हणून गटाने तो प्रश्न ओट्यावर घेतला नाही. माझ्या मते प्रकरणातला हा सर्वात कच्चा निर्णय. श्रद्धेने कुणासाठी झीज सोसायला लावली, हे माप एकदा स्वीकारल्यावर, आपल्या धर्माबाहेरच्या माणसासाठी काय केलं हाच त्या मापाचा सर्वात कडक प्रश्न होता. अप्पा काय म्हणाले असते, सांगता येत नाही. कदाचित त्यांचं उत्तर चांगलं असतं. पण त्यांना आणि गावाला ते ऐकण्याची संधीच मिळाली नाही. भिलाटीचंही तसंच झालं. तिथल्या बायका ओट्यावर कडेला बसून राहिल्या, त्यांना कुणी बोलतं केलं नाही. सरांना पाण्याचं विचारलं ते दुसऱ्याच बाईने.

सोसायटीचे कागद मतदानाच्या तोंडावर मागितल्याने अप्पांच्या समर्थकांना तो विरोधकांचा डाव वाटला. काहींनी जिजींशी बोलणं सोडलं. हेच कागद एरवी, एखाद्या सप्टेंबरातल्या सभेत पाहिले असते, तर कडवटपणा टळला असता आणि निवडणूक आली तेव्हा अप्पांचं दुसरं हिशेबाचं आवार गावाला आधीच माहीत असतं. शपथपत्राला वेळेचं बंधन आहे, इतिवृत्ताला नाही.

पाकिटं वाटल्याची तक्रार कुणीही केली नाही. त्या दोन बायकांना साक्षीला उभं करायचं धाडस आमच्यातही नव्हतं. महाराजांकडे जाण्याचा मार्ग सुचला तो आयत्या वेळी. आता गटाने ठरवलं आहे की पुढच्या जिल्हा परिषद निवडणुकीआधी, कानबाईच्या जागरणाच्या रात्री, बायका एकत्र असतानाच ही गोष्ट उघडपणे बोलायची: देवीच्या फोटोवर मताची शपथ मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचं. भाभींनी त्या रात्री यायचं कबूल केलं आहे. कब्रस्तानच्या वाटेचा प्रश्न या वेळी यादीत पहिला आहे, आणि तो त्या स्वतः विचारणार आहेत.